करवतीशेजारी

ताई: तुम्ही करवत सुरू करा. त्याशिवाय मी या कुत्र्याला इथे सोडणार नाही.

सुतार: अहो ताई, आत्ताच आलाय बिचारा. जरा पाणी पिऊ द्या, वास घेऊ द्या.

ताई: मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात. काळीला आठवडाभर वास घेऊ दिलात. करवत फिरली तशी ती जी पलंगाखाली शिरली, ती थेट माझ्याकडेच परत आली.

बायको: जेवतच नव्हती हो. यांनी काम बंद ठेवूनही पाहिलं, पण तसं किती दिवस चालणार? तिला तुमच्या निवाऱ्यात सोडून येताना रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत हे.

सुतार: ते कशाला आता?

बायको: का? एरवी तोंडाला कुलूप नसतं, म्हणून सांगितलं.

सुतार: कशी आहे ती?

ताई: एका शिक्षिकेकडे दिलीय. घड्याळाची टिकटिक सोडली तर घरात आवाज नाही. अंगानं भरलीय आता. मी तुम्हाला दोष देत नाहीये. पण आमच्याकडून गेलेलं जनावर परत आलं, की ते पुन्हा माणसांना बिचकायला लागतं. म्हणून या वेळी मी स्वतः घेऊन आले. याला जन्मापासून ऐकू येत नाही. तुमच्याकडे टिकेल असं वाटलं. पण नुसतं वाटून भागत नाही. करा सुरू.

(करवत सुरू होते, एक फळी कापली जाते, करवत थांबते.)

बायको: बघा तरी! भुशात ऐसपैस पसरलाय. डोळेसुद्धा मिटले.

सुतार: वा रे पठ्ठ्या! झाला पास.

ताई: तो झाला. तुम्ही अजून नाही.

सुतार: आता माझं काय?

ताई: त्याला आवाजाची भीती नाही, तसा आवाजानं धोकाही कळत नाही. तुम्ही फळी ढकलताय आणि हा मागून येऊन पायात घोटाळला तर? ‘हो बाजूला’ म्हणून ओरडाल. कोणासाठी?

सुतार: हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बायको: म्हणजे परत नेणार याला?

ताई: न्यायचं नाहीये मला. पण त्याला हाक कशी मारणार, ते सांगा.

बायको: मी यांना कशी मारते?

सुतार: सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

बायको: ते इतर वेळी हो. कानात बोळे घालून करवतीपाशी असता तेव्हा?

सुतार: तेव्हा दारात टाच आपटते ही. जमीन फळ्यांची आहे ना, ताई, पायाला कळतं. मी बटण बंद करतो आणि वळतो.

ताई: आपटा बघू. थांबा, त्याचं तोंड तिकडे असू दे. हां, आता.

सुतार: अरे, वळली की मान!

ताई: घाई नको. करवत चालू असताना जमीन आधीच थरथरत असते. त्यात टाच वेगळी कळते का, ते बघायचंय.

सुतार: थांबा, बोळे घालतो... हं. चालू केली.

ताई: आपटा!

सुतार: ही बंद केली. काय, कळलं का त्याला?

बायको: तुमच्याआधी. तुमचा हात बटणाशी पोचेस्तोवर हा माझ्या पायाशी.

ताई: छान. तरी करवत चालू असताना तो या बाजूला नको.

सुतार: मधे अर्धं दार बसवतो. पलीकडून बघत बसेल. संध्याकाळपर्यंत होईल.

ताई: मग मी संध्याकाळपर्यंत बसते.

बायको: एवढा वेळ?

ताई: दार न बघता गेले, तर घरी जाऊन तेच डोक्यात राहील.

सुतार: बसताय तर या टेपचं टोक धरा.

बायको: अहो, पाहुण्या आहेत त्या!

ताई: असू दे. द्या इकडे.

सुतार: घट्ट धरा. याचं नाव काय हो?

ताई: नाही ठेवलेलं. ऐकू येत नाही म्हटल्यावर कोणी त्या भानगडीत पडलंच नाही.

बायको: मग आपण ठेवू.

सुतार: त्याला काय उपयोग?

बायको: त्याला नसेल. घरात कोण कोण असतं असं कोणी विचारलं, तर आपल्याला सांगता यायला हवं.