पाठीवरचा कोल्हा

(कॅलिफोर्नियातलं बार्स्टो, १९९४. गावाबाहेरचं एक ट्रेलरघर, सकाळचे दहा. अंगणात चाळीसेक मोटारसायकली.)

व्हर्ना : पाय पुसून ये आत. आणि ते बोचकं टेबलावर नको, शेजारणींनी आणलेलं जेवण आहे तिथे.

रॉयस : बोचकं नाही, वहिनी. डेल्बर्टचं जाकीट आहे. पाठीवर कोल्हा, वर क्लबचं नाव. सगळं जसंच्या तसं.

व्हर्ना : वहिनी! सात वर्षं ही वहिनी कुठे मेली होती? आज नवरा पेटीत निजला आणि तुला नातं आठवलं.

रॉयस : मी भांडायला नाही आलो. बारा वाजता त्याला माती द्यायची ना? तो हे घालून जाईल. पुढे आमच्या चाळीस गाड्या, मागे तो. 'ड्राय लेकचे कोल्हे' ह्या आपल्या क्लबचा अध्यक्ष म्हणून सांगतो, हा मान मी आजवर तिघांनाच दिलाय.

व्हर्ना : मान! ज्या हातानं त्याच्या पाठीवर तापलेली इस्त्री ठेवलीस, त्याच हातात मान घेऊन आलास? गोंदलेला कोल्हा जाळलात तुम्ही. चार महिने पालथा झोपला माणूस. मलम मी लावलंय, तू नाही.

रॉयस : नियम होता. फितूर झाला की जाकीट काढून घ्यायचं आणि गोंदण जाळायचं. माझा सख्खा भाऊ असता तरी तेच केलं असतं.

व्हर्ना : तुझे नियम मला नको शिकवूस. क्लब काढणाऱ्या सात जणांत माझा भाऊ क्लाइड होता, अठ्ठेचाळीस साली. तू तेव्हा शाळेत शेंबूड पुसत होतास. लढाईवरून आलेली पोरं ती. घरात जीव रमेना, झोप लागेना, म्हणून गाड्या पळवायची. एवढाच होता तुमचा क्लब.

रॉयस : एवढाच राहिला असता तर कुणी कुत्र्यानंही विचारलं नसतं.

व्हर्ना : हो ना! मग वर्तमानपत्रानं फोटो छापला, तुम्ही दारू पिऊन रस्त्यात लोळताना. खाली लिहिलं, 'गुंड'. दुसरा कुणी असता तर तोंड लपवलं असतं. तुम्ही चौकट करून गुत्त्यात टांगलात. आणि मग त्या फोटोसारखं व्हायला जन्मभर धडपडत बसलात.

रॉयस : त्या नावामुळेच कुणी आमच्या वाटेला गेलं नाही. आणि दर नाताळात अनाथ पोरांना खेळणी वाटतो, ते नाही दिसत तुला?

व्हर्ना : दिसतं की. अकरा महिने शेण खायचं आणि बाराव्यात बाहुल्या वाटायच्या.

रॉयस : झालं बोलून? आता ऐक. डेल्बर्ट फितूर नव्हता.

व्हर्ना : हे तू मला सांगतोस?

रॉयस : आमच्यावरच्या खटल्याचे कागद कोर्टानं गेल्या महिन्यात खुले केले. पोलिसांना खबर देणाऱ्याचं नाव काळं केलंय, पण वेळ तशीच राहिली. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, फोनवरून. आणि त्या वेळी डेल्बर्ट माझ्या शेजारी ट्रकखाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होता. मीच साक्षीदार. चूक झाली आमची.

व्हर्ना : भाजीत मीठ जास्त पडलं तर त्याला चूक म्हणतात, रॉयस.

रॉयस : म्हणून तर आलो ना! आणि खरा फितूरही सापडलाय. डेल्बर्टला माती दिली की त्याची पाळी.

व्हर्ना : कोण?

रॉयस : क्लबच्या गोष्टी आम्ही बायकांना सांगत नाही.

वायली : (दारातून) येऊ का, वहिनी? घोटभर पाणी मिळंल का? बाहेर नुसती भट्टी पेटलीय. आन् हे टमाटे. डेल्बर्टसाठी लावलेले. आता कुणाला देऊ, म्हणून तुमाकडंच आणले.

व्हर्ना : ठेव तिथे, वायली. बस जरा.

वायली : बसत न्हाई. गाडी चालू ठेवून आलोय. एकदा बंद पडली की उठत न्हाई, माझ्यावाणीच म्हातारी झालीय. ए रॉयस, माती झाल्यावर आपण कोरड्या तळ्याकडं जायचंय म्हणालास. मग माझ्या गाडीला कुदळ-फावडी कशापायी बांधायला लावलीस? कबर तर कवाच खणून झालीय.

रॉयस : सांगतो तिथे गेल्यावर. जा तू बाहेर.

वायली : जातो की. वहिनी, रडू आलं तर रडून घ्या बरं का. आमी हाय बाहेर.

व्हर्ना : ...गेला. फावडी त्याच्याच गाडीला बांधायला लावलीस? त्याच्याच हातानं?

रॉयस : ह्या वेळी नुसत्या इस्त्रीवर भागणार नाही. तुझा संबंध नाही.

व्हर्ना : वायली? अरे, ज्याला कोंबडी कापवत नाही तो?

रॉयस : ज्या बेतापायी आम्ही आत गेलो, तो चौदा जणांना ठाऊक होता. शुक्रवारी अकराला तेरा जण गॅरेजात होते. एक नव्हता. दाढ काढायला गेलो म्हणाला. आणि डेल्बर्टला आम्ही वाळीत टाकल्यावर सात वर्षं चोरून इथे कोण येत होतं? कधी टोमॅटो, कधी गवत कापायला. मन खात असल्याशिवाय कुणी येतं असं?

व्हर्ना : मैत्री असली की येतं. तुला नाही कळायचं ते. दाढ खरंच काढली होती त्यानं. त्या संध्याकाळी ह्याच खुर्चीत बसून वाडग्यात रक्त थुंकत होता. वाडगा मी धुतला.

रॉयस : दाढ काढायच्या आधी फोन करता येतो. चौदातून तेरा गेले, उरला एक.

व्हर्ना : पंधरा.

रॉयस : काय?

व्हर्ना : पंधरा जणांना ठाऊक होतं. गुरुवारी बेत कुठे ठरला? ह्या टेबलाशी. बीन्स कोण वाढत होतं तुम्हाला?

रॉयस : ...तू होतीस. मग?

व्हर्ना : मग काय मग? मी केला फोन.

रॉयस : काहीतरीच! बायकांना क्लबातलं काही माहीत नसतं.

व्हर्ना : बायकांना सांगायचं नाही, एवढाच तुमचा नियम. ऐकू येऊ नये असा कुठे आहे? तीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर बोलत आलात, जशी काही मी चूल आहे.

रॉयस : वायलीला वाचवायला थापा मारतेस.

व्हर्ना : थापा? सुरुंगाच्या कांड्या मक्याच्या पिठाच्या पोत्यात होत्या. पोतं तुझा भाऊ लायल घेऊन येणार होता. व्हिक्टरव्हिलला त्या दुसऱ्या टोळीच्या म्होरक्याचं घर, मागच्या अंगाची खिडकी, शनिवारी. तू म्हणालास, 'खिडकीखाली ठेवा, भिंत पातळ आहे.' आणि वर म्हणालास, 'व्हर्ना, अजून थोडा पाव आण.' मी पाव आणला. दुसऱ्या दिवशी कपड्यांची टोपली घेऊन धुलाईच्या दुकानात गेले आणि तिथल्या फोनवरून पोलिसांना सांगितलं. कपडे यंत्रात फिरेपर्यंत बोलणं आटोपलं.

रॉयस : तू. बीन्स वाढणारी तू!

व्हर्ना : त्या म्होरक्याची बायको माझ्याबरोबर इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. त्या मागच्या खिडकीला तिनं पिवळे पडदे शिवले होते. त्या खोलीत तीन मुलं निजायची, रॉयस. धाकटं दीड वर्षाचं.

रॉयस : मुलांचं आम्हाला ठाऊक नव्हतं.

व्हर्ना : विचारलं होतंत?

रॉयस : जामीन संपल्यावर मी चार वर्षं आत काढली. लायल आतच मेला. माझा लायल!

व्हर्ना : माहीत आहे. तुमच्या आईला तोंड दाखवलं नाही मी तेव्हापासून. पण पुन्हा तो शुक्रवार आला तर पुन्हा फोन करीन.

रॉयस : आणि डेल्बर्ट? नवऱ्याला जाळताना गप्प बसलीस?

व्हर्ना : तुम्ही त्याच्यावर संशय घेतलात, त्याच दिवशी सांगितलं त्याला. मी तुझ्याकडे यायला निघाले होते. दार अडवून उभा राहिला. म्हणाला, 'पुरुषाचं काय करायचं ते नियमात लिहिलंय, इस्त्री ठेवतात आणि सोडतात. बाईचं काय करायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून मला भीती वाटते.' मी ऐकलं त्याचं. तेवढं एक माझं पाप आहे. ते दुसऱ्यांदा नाही करायची. वायलीला सोड.

रॉयस : बाहेर चाळीस माणसं उभी आहेत. एक हाक मारायचा अवकाश, कळतंय ना?

व्हर्ना : मार की! काय करशील? माझं जाकीट काढून घेशील? मला कधी दिलंच नव्हतंत. मार हाक आणि सांग त्यांना, 'भावांनो, सात वर्षांपूर्वी आपण फितूर शोधला, निष्पाप माणूस जाळला, आणि आपल्याला तुरुंगात घातलं ते बीन्स वाढणाऱ्या बाईनं.' सांग ना. घशात अडकलं?

रॉयस : तोंड आवर, व्हर्ना.

व्हर्ना : सेहेचाळीस वर्षं कमावलेलं नाव तुमचं. सगळं वाळवंट तुम्हाला टरकतं. उद्या पोरंसोरं हसतील. दुसऱ्या टोळ्या गुत्त्यात तुमच्या नावानं बीन्स मागवतील. मला काय, मी सत्तरीला टेकले. कबरीपाशी उभी राहून मोठ्यानं सांगीन. वर्तमानपत्रवाला येणारच आहे, तुमच्या गाड्यांचा फोटो काढायला.

रॉयस : काय हवंय तुला?

व्हर्ना : पेटी उचलायला डाव्या बाजूला एक माणूस कमी आहे. तिथे वायली. माती झाली की माझ्याबरोबर इथे येईल, जेवेल. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात, मला तो टोमॅटोला पाणी घालताना दिसला पाहिजे. ज्या दिवशी नाही दिसला, त्या दिवशी मी तोंड उघडीन.

रॉयस : बाहेर काय सांगू? फितूर वायली आहे असं मीच सांगून बसलोय त्यांना.

व्हर्ना : चूक झाली म्हणून सांग. सवय आहे तुला.

रॉयस : ...आणि हे जाकीट?

व्हर्ना : ने परत. चौकट करून टांगा.

रॉयस : एक विचारू? त्यानंतर तो कधी माझ्याबद्दल काही बोलला?

व्हर्ना : एकदाच. मी मलम लावत होते. म्हणाला, 'रॉयसचा हात कापत होता गं, म्हणून इस्त्री दोनदा ठेवावी लागली.' निघ आता. उशीर होतोय.

रॉयस : हो. वायलीच्या गाडीची फावडी सोडायला सांगतो.