आमच्याकडून न्हाई!

…आन् हे सोयरे वर तोंड करून मलाच म्हणतेत, ‘आमच्याकडून न्हाई!’ आता तुमीच सांगा, तुमच्याकडून न्हाई, आमच्याकडून न्हाई, मग लेकरू काय हळदीच्या पोत्यात घालून मोंढ्याच्या बाजारातून आणलं का आमी? बसा मावशी, सरका जरा तिकडं… गोरेगाव, गोरेगाव, गोरेगाव! अजून दोन सीट भरायच्यात. काय म्हणता, निघा? अहो, भरल्याबिगर जीप हलवायची न्हाई हे ड्रायव्हरच्या रक्तातच असतंय! आन् रक्ताचं नाव काढलं की माझं रक्त तापतंय, काहून ते ऐका.

तुमाला सांगतो, माझी पोरगी प्रियदर्शनी, चौथीत हाय. नाव तिच्या मामानं ठेवलं, आन् असं ठेवलं की ते लिहिता लिहिताच पहिली-दुसरी सरली. पण पोरगी हुशार! आमची मेंढरं हायेत, त्यात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे ती नुसतं वरडण्यावरून सांगती. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा भारी सांगती. पण पुस्तक समोर धरलं की… कुलूप! एक एक अक्षर लावती, शब्दाच्या शेवटाला जाईस्तोवर शब्दाचं डोस्कं इसरून जाती. मास्तर म्हणले, ‘अंगदराव, एकदा हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवून आणा.’ नेलं. तितं एक मॅडम होत्या, लई गोड बोलणाऱ्या. ‘हे बघा दादा, मुलगी बुद्धीनं छान आहे, फक्त वाचन तिला जड जातंय. हे पुष्कळदा घराण्यात असतं, थोडंफार रक्तातून येतं. तुमच्याकडे आणखी कुणाला वाचायला त्रास होता का?’ मी सीमाकडं बघितलं, सीमानं माझ्याकडं बघितलं… सीमा म्हणजे माझी बायको… आन् दोघं एका दमात वरडलो, ‘आमच्याकडून न्हाई!’

मॅडम हसल्या. म्हणल्या, ‘भांडू नका, पण आत्ताच लक्ष द्या. पुढं शिक्षण, नोकरी, अगदी औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय इथपर्यंत वाचन लागतंच की.’ झालं! मॅडम माझीच गोष्ट सांगून राहिल्या असं वाटलं. काहून? अहो, मी पोलीस भरतीला गेल्तो! पळण्यात पहिला, गोळाफेकीत बराबर, आन् पेपरात? प्रश्न वाचतो मी, न्हाई असं न्हाई, पण माझं वाचन या जीपसारखं, समदी अक्षरं बसल्याबिगर शब्द हलत न्हाई. उत्तरं येत होती हो! पण निम्मे प्रश्न वाचून झाले तवर घंटा झाली. मग हे स्टिअरिंग धरलं. रस्त्यावरच्या पाट्यांवर चित्रं असतेत ना… बरं असतंय. पण पोरीचं असं होऊ नये असं वाटतंय हो मला, लई वाटतंय.

आन् अशात माझा बाप! संपतराव. जल्म मेंढरामागं गेला. त्याला घरी येऊन सांगितलं, बाबा, हे रक्तातून येतंय म्हणे. तर म्हणला, ‘त्यात काय नवल? कोकराचा कान आखूड निघाला की मी मेंढा धुंडतो. कोणत्या घरातून आलं ते शोधा.’ मी म्हणलं, सापडल्यावर? ‘सापडल्यावर काय? मेंढा बदलतेत!’ आता बोला, यात मेंढा कोण? मीच की! सीमा तोंडाला पदर लावून हसून राहिली, तिला काय जातंय! पण म्हातारा पुढं म्हणला, ‘आन् दोष रक्तातलाच निघाला तर पोरीला तकलीफ काहून द्यायची? चौथी झाली की बास. येईल माझ्यासंगं मेंढराकडं.’ पोरगी तितंच बसलेली. पुस्तक मिटलं, आन् उठून गेली. तवापासून माझं बूड एका जाग्याला टेकत न्हाई… गोरेगाव, गोरेगाव! या बाबा, पुढं बसता? मागं? सेनगावातच उतरायचं? मग बसता काहून, सेनगावातच तर उभे हाव आपण!

तर म्हाताऱ्यानं काय करावं? कंदुरी ठेवली. नवसाचं बोकड कापायचं राहिलंच होतं, त्या निमित्तानं दोन्हीकडचे सोयरे जेवायला बोलावले. लोकं मटनाच्या वासानं आले बिचारे! हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, आन् म्हातारा दारात खाट टाकून आडवा बसला. मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी बसून ती एक एक सोडतेत आन् तपासतेत ना, तसं! हातात पोरीचं पुस्तक. ‘एक पान वाचायचं, मगच घरी जायचं!’

पहिले माझे सासरे, ग्यानोबा पाटील. रोज सकाळी हाटेलात पेपर मांडीवर घेऊन बसतेत, पोरांना म्हणतेत, ‘वाच रे मोठ्यानं, बघू तुझे उच्चार कसे हायेत!’ आमाला वाटायचं, काय शिकवायची हौस हाय माणसाला! ते म्हणले, ‘इवाई, मी चष्मा आणला न्हाई.’ ‘मग नाकावर काय हाय?’ ‘हा लांबचा हाय.’ माझा बाप काय कच्चा हाय का? उठला, पुस्तक घेऊन पार गोठ्यापातूर गेला, तितून वरडला, ‘आता वाचा!’ सासरे म्हणले, ‘तसं न्हाई, पण आमच्याकडून न्हाई!’

मग मेव्हणा, नरसिंग, ते नाव ठेवणारं ध्यान. खताचं दुकान हाय त्याचं. ‘दाजी, मी मोबाइलवर वाचतो, पुस्तकातलं अक्षर मला मानवत न्हाई.’ मोबाइल बघितला तर काय, समदे बोललेले मेसेज! हा बोलतो, समोरचा बोलतो, लिहिलेलं एक अक्षर न्हाई! पण मान ताठ, ‘आमच्याकडून न्हाई!’ माझी माय हरकली. म्हणली, आता आमची शिला येऊ द्या. शिला म्हणजे माझी आत्या. ती आली, पुस्तक धरलं, आन् अशी कविता म्हणली, अशी म्हणली, चालीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बापानं नुसतं पान उलटलं… तर बाई तीच कविता पुन्हा! नातू घोकायचा, हिची पाठ झाली! मग मीच बापाला म्हणलं, आता तुमी वाचा. तर काय म्हणावं त्यानं? ‘मी शाळेतच गेलो न्हाई, मग दोष कुणाला कसा कळंल? आमच्याकडून न्हाई!’

शेवटाला दोन्हीकडचे उठून भांडायला लागले. ‘तुमचा आजा अंगठेबहाद्दर!’ ‘तुमचा तर अंगठाबी वाकडा!’ बोकड पोटात, आन् तोंडात हे! पोरगी दाराआड उभी राहून ऐकत होती. तवा सीमा मधी आली. पदर खोचला आन् म्हणली, ‘मॅडमला मी फोन लावला होता. त्या म्हणल्या, हे एकाकडून येत न्हाई, दोन्ही घरांतून थोडं थोडं येतंय, कुणी शोधूनबी सापडायचं न्हाई. आन् रक्तात आलं ते वाचन जड जाणं. शिकता येत न्हाई असं न्हाई. रोज संध्याकाळी मोठ्या माणसानं जवळ बसून, बोट ठेवून, हळू वाचून घ्यायचं. दोन-तीन सालं लागतील.’ मग माझ्या बापाकडं वळली, ‘मामंजी, मायनं झिडकारलेलं कोकरू तुमी बाजारात नेता, का बाटलीनं दूध पाजता?’ म्हाताऱ्यानं सुपारी या गालातून त्या गालात घेतली. आन् म्हणला, ‘पाजतो. शाळा चालू राहू दे. पण बाटली धरायला रोज माणूस लागतंय… बसणार कोण?’

तुमाला सांगतो, एवढं म्हणायचा अवकाश! सासरे चष्मा काढून म्हणले, ‘मला पहिल्यापासूनच वाटून राहिलं होतं, हे आमच्याकडूनच आलंय!’ नरसिंग म्हणला, ‘व्हय व्हय, मामाच्याच वळणावर गेली पोरगी!’ आत्या म्हणली, ‘काहून, आमच्याकडूनबी असंलच की!’ मघाशी ज्याला कुणी हात लावत नव्हतं, त्या दोषाला आता समदे वारस, म्हणजे रोज बसून वाचून घ्यायला नको! आन् अंगण बघता बघता रिकामं. सीमा मला म्हणली, ‘सैपाक मी करते, धारा मी काढते, मेंढराचं बघते. तुमी बसा.’

बसलो. रोज बसतो. काल एका शब्दाशी पोरगी अडली, मी झोकात पुढं झालो… आन् मीबी अडलो! तिनं माझं बोट धरलं, पुस्तकावर ठेवलं आन् म्हणली, ‘बाबा, घाई काहून करून राहिले? एक एक अक्षर लावा. मी हाय ना.’ वाचला आमी तो शब्द. दोघांनी मिळून. काय वाटलं म्हणून सांगू… भरतीत पास झालो असतो तरी एवढं वाटलं नसतं.

अगं माय, दिवस बुडाला का? ती पुस्तक घेऊन दारात बसली असंल! धरा, धरा घट्ट, निघालो. काय म्हणता? दोन सीट? राहू द्या रिकाम्या! हसून काय राहिले, दिसतंय मलाबी… सेनगाव स्टँडावरून रिकाम्या सीटा घेऊन जीप काढायची, हे येड रक्तात कुणाकडून आलं म्हणून आता म्हातारा पुन्हा कंदुरी ठेवील, दुसरं बोकड जाईल, आन् हात धुऊन झाले की दोन्हीकडचे एका सुरात म्हणतील… आमच्याकडून न्हाई!