सव्वीस फोन, आवाज बंद

दुरुस्तीवाला : पण ताई, मिळणार काय होतं ते तरी बघ ना. गाण्यांच्या ॲपवर पन्नास हजार वेळा ऐकलं गेलं की दाजींचं पुढचं गाणं ॲपची कंपनी स्वतःच्या स्टुडिओत करून देणार होती. अठ्ठेचाळीस हजार झालेच होते.

ताई : आणि आज सकाळी यांच्या फोनवर हे पत्र. मी आधी उघडलं म्हणून बरं. 'एकाच ठिकाणाहून संशयास्पद ऐकणं, सबब गाणं काढून टाकलं आहे.' ठिकाण कुठलं ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. सख्ख्या भावाचं मोबाइलचं दुकान आहे.

दुरुस्तीवाला : नवी बॅटरी टिकते का बघायला फोनवर काहीतरी चालू ठेवावंच लागतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं लावण्यापेक्षा घरचं लावू.

ताई : किती फोनांवर?

दुरुस्तीवाला : एका वेळी सव्वीस.

ताई : सव्वीस फोन एकदम गातायत आणि शेजारचा चष्मेवाला गप्प बसला?

दुरुस्तीवाला : आवाज बंद ठेवायचो.

ताई : म्हणजे माझ्या नवऱ्याचं गाणं तूसुद्धा ऐकलं नाहीस.

दुरुस्तीवाला : पहिल्या दिवशी ऐकलं की.

ताई : उपकार झाले. आता घड्याळ बघ. पावणेपाच. पाच वाजता हे छापखान्याच्या मालकापुढे राजीनामा ठेवणार आहेत. बावीस वर्षांची नोकरी. काल म्हणाले, 'एवढे लोक ऐकतायत, आता कागद कसले कापत बसू?'

दुरुस्तीवाला : राजीनामा? हे मला कुणी बोललं नाही.

ताई : तू तरी बॅटरीचं बोलला होतास?

दुरुस्तीवाला : तूच सांग त्यांना, ताई. तुझं ऐकतात.

ताई : खड्डा तू खणायचा आणि उडी मी मारायची? लावते फोन, तू बोल.

(ताई फोन लावून टेबलावर ठेवते. पलीकडे छपाईचं मशीन चालू आहे.)

दाजी : बोल गं. साहेबांच्या दाराशीच उभा आहे.

दुरुस्तीवाला : दाजी, मी बोलतोय. आत जाऊ नका.

दाजी : का रे? ही बरी आहे ना?

दुरुस्तीवाला : बरी आहे. दाजी, ते अठ्ठेचाळीस हजार... त्यातले बरेचसे माझ्या दुकानातले फोन होते. कंपनीला कळलं. गाणं काढलंय त्यांनी.

ताई : ऐकताय ना?

दाजी : बरेचसे म्हणजे किती?

दुरुस्तीवाला : चव्वेचाळीस धरा.

दाजी : मग चार हजार खरे.

दुरुस्तीवाला : ते खरे. गिऱ्हाईक फोन घेऊन घरी गेलं की फोन आपणहून तुमचंच गाणं पुढे करायचा. सवय लागलेली त्याला. काहींना आवडलं.

दाजी : इथे साठ माणसं आहेत. त्यातल्या चौघांनी पूर्ण ऐकलं. चार हजार म्हणजे पुष्कळ झाले रे.

ताई : राजीनाम्याचं काय?

दाजी : खिशात आहे. राहू दे तिथेच. हात पुसून परत मशीनवर जातो. त्या चार हजारांत तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?

दुरुस्तीवाला : एक बाई आहेत, दवाखान्यातल्या परिचारिका. ड्यूटीवरून घरी जाताना रोज लावायच्या म्हणे. गायक कोण म्हणून विचारायला मुद्दाम दुकानात आल्या होत्या.

दाजी : त्यांना सांगितलंस, गाणं गेलं म्हणून?

दुरुस्तीवाला : दुपारी त्यांचाच फोन आला होता. गाणं सापडत नाही म्हणाल्या.

दाजी : मग?

दुरुस्तीवाला : मी म्हटलं, तुमचा फोन बिघडला असेल. घेऊन या, बघतो.