बुचाचे तळवे

किंतेला : दोना एर्मेलिंदा, बूच कापायचं मशीन कुठंय?

एर्मेलिंदा : विकलं, सर. मार्चमध्येच.

किंतेला : अहो, गुरुवारी ब्रसेल्सहून अनुदान देणारी माणसं येतायत! त्यांना तुमचा कारखाना बघायचाय. लघुउद्योगाचा सहभाग बघायचाय.

एर्मेलिंदा : बघू देत की. खोली रिकामीच आहे, सहभाग शोधायला अडचण नाही.

किंतेला : चेष्टा नको. निदान कळवायचंत तरी.

एर्मेलिंदा : तीन पत्रं टाकली. तुमच्या विद्यापीठातनं उत्तर आलं, कामाच्या तासांचा तक्ता चुकीच्या नमुन्यात भरलाय. पहिलं वर्षभर मी तक्तेच भरले, बुचाला हात लावायला वेळ नाही. दुसऱ्या वर्षी बुटात घालायच्या तळव्यांचं काम तुम्ही त्या बड्या कंपनीला देऊन टाकलंत.

किंतेला : महिन्याला हजार जोड लागणार होते. तुमच्याकडून निघाले असते पन्नास.

एर्मेलिंदा : हे अर्ज करताना ठाऊक नव्हतं? तेव्हा म्हणालात, अर्जात छोटा कारखाना असला की वजन पडतं. मधुमेहाच्या जखमेखाली बूच चालेल, हे बाबांनी स्वयंपाकघरात बसून शोधलं. आईच्या पायासाठी. तुमच्या शोधनिबंधात त्यांचं नाव कुठाय?

किंतेला : आभारात आहे.

एर्मेलिंदा : ‘स्थानिक कारागीर’ असं आहे. वाचता येतं मला.

किंतेला : चुकलं माझं. पण रिकामी खोली पाहिली, तर ते योजनाच थांबवतील. ब्रागाच्या इस्पितळात साठ रुग्ण आहेत, त्यांचे तळवे बंद होतील.

एर्मेलिंदा : त्यातली एकेचाळीस नंबरची कोण, माहितेय?

किंतेला : आम्हाला नावं कळत नाहीत. नियमच आहे.

एर्मेलिंदा : माझी आई.

किंतेला : अरे देवा. जखम कशी आहे?

एर्मेलिंदा : भरली. त्या कंपनीच्या तळव्यावर. रविवारी चर्चपर्यंत चालत गेली. मला म्हणते, तुझ्या बाबांना जमलं बघ. तळवा कंपनीचा आहे, हे तिला सांगितलेलं नाही.

किंतेला : मग ऐका. शेजारच्या कारखान्यातलं मशीन दोन दिवस इथं आणून लावतो. तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा.

एर्मेलिंदा : नाही. मशीन आणायचं नाही.

किंतेला : आणि तळवे बंद पडले तर?

एर्मेलिंदा : आईचे मी हातानं कापीन. बाकी एकोणसाठांच्या विचारानं झोप लागायची नाही, तेवढं खरं.

किंतेला : त्या लोकांना काय सांगणार आहात तुम्ही?

एर्मेलिंदा : विचारतील त्याचं खरं उत्तर. आजवर कुणी विचारलंच नाही, सर.