पोटाला बरं नव्हतं

(खोडद. नवनाथच्या नव्या घराची पुढची खोली, आत आई द्रौपदा चुलीपाशी. नवनाथचा कॉलेजातला मित्र संपत मुलीची लग्नपत्रिका घेऊन आला आहे.)

नवनाथ : पत्रिका ठेव खिशात. आणि जाताना हा मिक्सर घेऊन जा. खोकं फोडलेलं नाही.

संपत : अरे, घरभरणीचा आहेर परत करतं का कुणी?

नवनाथ : जेवून गेला असतास तर आहेर. घासभर न खाता टाकून गेलास, ती भीक झाली.

संपत : तोंड सांभाळ, नव्या. मंचरवरनं भारीतला आणला व्हता.

नवनाथ : मिक्सर मागितला होता का तुला? जेवायला बोलावलं होतं.

संपत : किती वेळा सांगू, पोटाला बरं नव्हतं!

नवनाथ : आणि त्याच रात्री कळंबच्या ढाब्यावर मटण? स्टेटस तूच ठेवलं होतंस. आई इकडं तुझ्यासाठी ओवा भाजत बसलेली. पोरगं आजारी पडलं म्हणून. शेवटी मीच तिला फोटो दाखवला.

द्रौपदा : जाऊ दे रं नवनाथ. दारात आलेल्याला असं बोलू नाय.

नवनाथ : तू गप गं. पहाटेपासून पुरण वाटत होतीस ह्याच्यासाठी. ह्यानं उंबऱ्यातनं खोकं आत सरकवलं आणि पळाला.

द्रौपदा : राग न्हाई आला मला. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, संपता.

संपत : मावशी, गेणभाऊ संगं व्हता. थोरला भाऊ! त्याच्यासमोर बौद्धवाड्यात जेवायला बसलो असतो, तर भावकीनं घरात राहू दिलं असतं का मला?

नवनाथ : हां, आता खरं बोललास. म्हणजे आम्ही तुझ्या मांडवात यायचं, आहेर करायचा, पंगतीत बसायचं. आणि तू आमच्याकडं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

संपत : ओतूरला कॉलेजात तुझ्या डब्यातलं खाल्लं का नाय मी? हॉटेलात एका ताटात जेवतो ना राव आपण?

नवनाथ : जेवतोस. गावापासून लांब.

संपत : मग काय करू, पाया पडू तुझ्या? पोरीचं लग्न हाये. स्नेहल रोज विचारती, नवनाथकाका येणार ना? तू नाय आलास तर मला मांडवात उभं राहवणार नाय.

नवनाथ : मग आत्ता बस. ह्या घरात जेव. आदल्या दिवसापासनं राबायला येतो तुझ्याकडं.

द्रौपदा : बस रं बाबा. मेथीची भाजी हाय, भाकर गरमच हाय. नवनाथ, पाणी दे त्याला.

संपत : वाढ, मावशी. काय व्हायचं ते व्हऊ दे.

द्रौपदा : घे. ठेचा देऊ? डब्यातला ठेचा तूच संपवायचास म्हणं.

संपत : दे की... मावशी, तेवढं दार लोटून घेतीस का? रस्त्यानं माणसं जात्यात.

नवनाथ : ऐकलंस, आई?

द्रौपदा : ऐकलं. ताट उचल, नवनाथ. पावण्यांना उशीर व्हतोय.