हैबतीच्या जीपचा फ्यूज

मंडळी, एक विचारू? आपल्याला अडवणारा माणूस आपला की वैरी? — मागच्या रांगेतले बुवा, हसताय का? बायको शेजारी बसलीय म्हणून? असू द्या! उत्तर मनात ठेवा आणि ऐका!

एक होता हैबती गोफणे. वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी, जीप चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण हौस? आधी गाणं ऐकू यायचं, मग जीप दिसायची! त्याची लेक रेवती पहिलटकरीण, सातवा महिना. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं. हैबती म्हणाला, "लेक येतीया! साऱ्या शिवाराला कळाया पायजे!" आणि जीपमध्ये बसवून घेतला — हा एवढा ॲम्प्लिफायर!

बसवला कुणी? गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या निसारभाईनं. भला कारागीर! बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज लावला आणि बजावलं, "हैबतराव, ही लाल वायर बॅटरीपास्नं मागं जाती. कुठं सोलून पत्र्याला टेकली, तर फ्यूज जळंल. तो जळतो म्हणून गाडी वाचती. उडाला तर आधी माझ्याकडं या!"

हैबतीनं मान डोलावली. कशी? तुम्ही आत्ता डोलावताय ना — तश्शी!

निघायच्या दिवशी, लेकीला मागं पाय पसरता यावेत म्हणून त्यानं पुढची सीट सरकवली. माया हो, दुसरं काय! पण सीटच्या पट्टीखाली ती लाल वायर चेमटली. गाणं लावलं — फट्! फ्यूज उडाला. दुसरा घातला — फट्! सुगंधाबाई, त्याची बायको, दारातनं म्हणाली, "अवं, निसारभाईला दावा की!"

"मुहूर्त टळंल माझा!"

आणि काय केलं माहितीय? शनीची पीडा टळावी म्हणून ज्योतिषानं दिलेली पातळ लोखंडी अंगठी बोटात होती. ती काढली, चेपली, आणि फ्यूजच्या जागी दाबून बसवली! म्हणतो कसा, "ही शनीला भारी पडती, फ्यूजची काय कथा!" — अहो, शनी राहिला बाजूला, बॅटरीच पाठीस लागली की!

गाणं मात्र दणक्यात सुरू! लेकीचं सासर गाठलं, विहिणीचा निरोप घेतला, रेवतीला मागं बसवलं, जीप माघारी निघाली. बांधावरची माणसं हात करताहेत, हैबती मान हलवतोय, मिशा थरथरताहेत! आणि मागून त्याच्या पाठीवर थाप पडली. धप्! धप्! धप्!

हैबतीला वाटलं, पोरीनं ताल धरला! खूश झाला, आवाज आणखी वाढवला! पुन्हा धप्, धप्, धप् — "वा गं माझी बाय!"

मंडळी, ती ताल धरत नव्हती. तिच्या पायाखालची चटई तापली होती. सीटखालून धूर येत होता. ती ओरडत होती, "आप्पा, थांबवा! आप्पा!" — आणि बापाला लेक ऐकू येत नव्हती!

शेवटी धूर आरशात दिसला. ब्रेक मारला. आधी लेकीला उतरवून लांब बांधावर बसवलं, मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढून काढली. हाताला चटका बसला, सोडलं नाही! माती टाकून सीट विझवली. पोरीला ओरखडासुद्धा नाही, देवाची कृपा!

धापा टाकत तो तिच्यापुढं मातीत बसला. रेवती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आप्पा, मी किती हाका मारल्या."

रडला हो तो! भर रस्त्यात, लहान पोरासारखा!

मंडळी, निसारभाईनं नंतर नवी वायर घातली, नवा फ्यूज घातला. मागच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल एवढाच आवाज ठेवायचा, हे हैबतीचं हैबतीनं ठरवलं.

आणि तुम्ही? आई म्हणते, सावकाश जा. बायको म्हणते, आता पुरे. तुम्हाला वाटतं, ही माझ्या मजेआड येते! अहो, ती त्या फ्यूजसारखी जळते ती तुमच्यासाठी! मी गाण्याला नावं कशाला ठेवू, माझ्याच गळ्यात माइक आहे. तोही बंद करतो. घटकाभर सगळे गप्प बसा — आणि बघा, कुणाची हाक इतके दिवस ऐकायची राहिलीय.