खुंटीवरची रेतीची पिशवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मनोहरराव, आपल्या क्रीडा मंडळाचे सचिव मधुकरराव, मुलींच्या संघाला शिकवणारे मुकुंद मास्तर, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आमची तारा, तिचे यजमान अनंतराव, समोर बसलेल्या माताभगिनी, मंडळाचे आजी-माजी खेळाडू आणि मागच्या खिडकीत चढून बसलेली मंडळी. तुम्ही आधी खाली उतरा बाबा. त्या खिडकीचा गज ढिला आहे, मला माहीत आहे. सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच माफी मागतो. पत्रिकेत माझे नाव पहिल्या वक्त्याचे होते आणि मी उभा राहतो आहे सगळ्यांच्या शेवटी. त्याचे असे झाले की इथे पोचलो आणि मनात आले, गिरणीची मोटार बंद केली की नाही? परत गेलो. बंद होती. पुन्हा निघालो, तर वाटले कुलूप नीट लागले की नाही. पुन्हा गेलो. लागले होते. आमच्या घरी म्हणतात की हे मेल्यावरसुद्धा तिरडीवरून उठून कुलूप पाहायला जातील. असो. तुम्हाला ताटकळत ठेवले, याची क्षमा असावी.

मी वामनराव. मैदानाला लागून जी पिठाची गिरणी आहे, ती माझी. शिक्षण मराठी चौथी, तीही पूर्ण नाही. बास्केटबॉलचे नियम मला अजून समजत नाहीत. चेंडू हातात घेऊन दोन पावले चालले की पंच शिटी काहून वाजवतो, हे मी वीस वर्षे विचारतो आहे. पण गिरणीच्या खिडकीतून कोर्ट सरळ दिसते आणि मंडळाच्या पहिल्या दिव्याची तार माझ्या मीटरवरून गेली होती, म्हणून मला विश्वस्त केले. तेव्हा मी खेळावर बोलणार नाही. मी जे पाहिले, तेवढेच सांगणार आहे. कागदावर लिहून आणले आहे, कारण उभा राहिलो की मला काही आठवत नाही.

ताराला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतो. दळणाचा डबा घेऊन यायची, डबा ठेवायची आणि नंबर लागेपर्यंत कोर्टाच्या कडेला उभी राहायची. एक दिवस डबा राहिला माझ्याकडे आणि पोरगी गेली कोर्टावर. त्या दिवशी त्यांच्या घरी पोळ्या झाल्या नाहीत म्हणतात. पुढे ती जिल्ह्याकडून खेळली, विदर्भाकडून खेळली. लग्न झाले, टेलिफोन ऑफिसात लागली, मुलगा झाला, तरी खेळत राहिली. अशी दुसरी बाई आपल्या नागपुरात आहे का? असली तर मला दाखवा.

आता आज कशाचा वाद आहे, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. उगीच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मंडळाचा रिवाज आहे की ज्याला निरोपाचा शाल-नारळ मिळाला, तो पुन्हा संघात उतरत नाही. आपले जुने खेळाडू आनंदराव यांना दिला आणि दोन महिन्यांनी ते बूट घालून आले, तर त्यांनासुद्धा हात जोडून परत पाठवले होते. ते इथेच बसले आहेत. बरोबर आहे ना आनंदराव? दिवाळीनंतर अमरावतीला स्पर्धा आहे आणि मुलींची नावे लवकरच पाठवायची आहेत. म्हणजे आज ताराला निरोप मिळाला, तर तिचा खेळ आज संपला. आणि तिने स्वतः अजून संपला म्हटलेले नाही. काल संध्याकाळी दळण घ्यायला आली, तेव्हा मला म्हणाली, "काका, सगळ्यांनी ठरवलं. मला कोणी विचारलंच नाही."

हे ऐकल्यावर काल रात्रीतून मी गिरणीचे कुलूप तीनदा पाहून आलो.

चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवा. आपल्या कोर्टाचा मुरूम मे महिन्यात कसा होतो, ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. तव्यासारखा. तारा पहाटे यायची, तिथून ऑफिसला जायची, ऑफिसातून परस्पर पुन्हा कोर्टावर. अंगात ताप असला तरी यायची. मी खिडकीतून ओरडायचो, "अवं तारे, बस ना जराशी! पडून राहशील एखाद दिवस!" ती हसायची. मुकुंद मास्तर तेव्हा मला म्हणायचे, "वामनराव, तुम्ही दळण पाहा. मेहनत काय असते ते पोरींना तिच्याकडे बघून समजू द्या." मास्तर, मान खाली घालू नका, मी भांडण उकरत नाही. त्या वेळी आपण सगळेच टाळ्या वाजवत होतो.

मग इथेच, आपल्या कोर्टावर, जबलपूरच्या संघाशी सामना झाला. ती उडाली, चेंडू टाकला आणि खाली आली ती एका पायावर. गुडघा आत वळला. गिरणीचा पट्टा तुटतो तेव्हा जसा आवाज होतो, तसा आवाज मी खिडकीत ऐकला. काही लोक म्हणतात एवढ्या लांबून ऐकू येणे शक्य नाही. मी ऐकला. गिरणीतली रिकामी पोती अंथरून तिला सायकल रिक्षात घातले. पाय प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, जिना चढता येईल, खेळाचे नाव काढू नका.

तेव्हापासून मंडळात दोन पक्ष आहेत. मधुकररावांचे म्हणणे, की तिच्या मेहनतीनेच तिचा गुडघा मोडला. थांबणे ज्याला कळत नाही, त्याच्या मेहनतीचे कौतुक कशाला? मुकुंद मास्तरांचे म्हणणे, की त्याच मेहनतीने ती परत उभी राहिली, दुसरी असती तर घरी बसली असती. दोघेही शिकलेले, दोघेही माझ्या गिरणीत येऊन भांडायचे. मी आपला मधुकररावांच्या बाजूने. भित्रा माणूस नेहमी सावध माणसाच्या बाजूने असतो.

प्लास्टर निघाल्यावर तारा काठी टेकत गिरणीत आली. पाय बाभळीच्या काटकीसारखा बारीक झालेला. म्हणाली, "काका, एक कापडी पिशवी द्या आणि त्यात थोडे गहू भरा. पायाला बांधून पाय वर उचलायचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं."

मी म्हटले, "बाप्पा! धान्य पायाले बांधतात का? पाप लागन ना वं!"

"मग काय बांधू? तुमचं वजनमाप बांधू?"

शेजारी घराचे बांधकाम चालू होते, तिथून ओंजळभर कन्हान नदीची रेती आणली आणि पिठाच्या पिशवीत शिवून दिली. घरी सासूबाईंना ते पाहवत नव्हते, म्हणून तारा ऑफिसातून येताना गिरणीत थांबायची. बाकावर बसायची, घोट्याला पिशवी बांधायची आणि पाय हळूहळू वर, हळूहळू खाली. दळणाला आलेल्या बाया बघत राहायच्या. एक म्हणाली, "काय करून राहिली वं? पायानं पाणी शेंदून राहिली का?" तारा म्हणाली, "हो. विहीर खोल आहे."

मी तिला समजावले. म्हटले, पोरी, मी आयुष्यभर पट्टे जोडले. एकदा तुटलेला पट्टा जोडला की चालतो, पण भर दळणात पुन्हा दगा देतो. ती म्हणाली, "काका, पट्टा पडून राहिला तर आहे तसाच राहतो. गुडघा पडून राहिला तर वाळतो. माझा गुडघा म्हणजे तुमचा पट्टा नाही."  मी जात्याच्या दगडाचे टाके झिजले का, ते पाहायला आत गेलो.

पण एक गोष्ट मी पाहिली आणि ती ना मधुकररावांनी पाहिली ना मास्तरांनी, कारण ते तेव्हा गिरणीत नव्हते. डॉक्टर सांगायचे तेवढेच ती करायची. जास्त एकदाही नाही. बाहेर पोरी ओरडायच्या, "ताराताई, या ना, एक चेंडू तरी टाका!" हिचे डोळे खिडकीबाहेर आणि पाय बाकावर. पिशवी सोडायची, खुंटीला अडकवायची आणि घरी. मी विचारले, आता काहून थांबली? तर म्हणाली, "काका, उचलणं सोपं आहे. ठेवणं शिकून राहिली मी."

पिशवीत रेती वाढत गेली. एक पिशवी फाटली, दुसरी शिवली. मागच्या हिवाळ्यात ती परत कोर्टावर उतरली, तेव्हा मी गिरणी बंद ठेवली होती. लोकांना वाटले लाइट गेली.

आता मागच्या महिन्यातला सामना. शेवटची काही मिनिटे राहिली होती, दोन्ही संघ बरोबरीत. ताराने स्वतः हात वर केला आणि बाहेर येऊन बसली. आपण एका बास्केटने हरलो. त्या रात्री कार्यकारिणी बसली. मधुकरराव म्हणाले, "बघा, आता तिच्यात दम राहिला नाही. मानाने निरोप देऊ." कोणी विरोध केला नाही. मास्तरांनीसुद्धा नाही. ठराव झाला.

सभागृहाला मी एकच विचारतो. जी तारा तापात खेळायची, ती कधी हात वर करून बाहेर आली असती का? मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "गुडघा गरम लागला, काका. डॉक्टर म्हणाले होते, गरम लागला की थांब. थांबले. तेव्हा थांबले असते तर मधली तीन वर्षं वाया गेली नसती." दुसऱ्या दिवशी गुडघा थंड होता. मी स्वतः तिला जिना चढताना पाहिले. मधुकरराव, तुम्ही चार वर्षे म्हणत आलात, की तिला थांबता आले पाहिजे. ती थांबली, तर तुम्ही म्हणता संपली. आता त्या पोरीने करावे तरी काय?

रागावू नका. तुम्ही सज्जन माणूस आहात आणि तिच्या काळजीनेच बोलता, हे मला माहीत आहे. काळजी करणाऱ्या माणसाला मी नाही ओळखणार तर कोण ओळखेल?

आता शेवटची गोष्ट. समोर टेबलावर पाहा. शाल नाही. पुरुषांना आपण शाल देतो; बाईला निरोप देण्याची मंडळाची ही पहिलीच वेळ. परक्या बाईच्या खांद्यावर शाल कोणी घालायची, यावर सभेत बराच वेळ गेला. शेवटी मधुकररावच म्हणाले, "आपल्या मंडळाची लेक आहे. तिची ओटी भरू." सगळ्यांना पटले. मलाही पटले. खण-नारळ आणायचे काम आमच्या शेजारच्या यमुताईंकडे दिले.

आज दुपारी खणाची घडी घालता घालता त्या हसायला लागल्या. मी म्हटले, काय झाले? तर म्हणाल्या, "तुमाले समजते का काही? लेकीले कायमचं घालवाचं असन तर ओटी भरतात का? लेक सासरी निघाली का ओटी भरतात, तिनं पुन्हा माहेरी यावं म्हणून. एवढे मोठे मोठे माणसं सभेत बसले, एकाच्याही घरी बायको नव्हती का विचाराले?"

मी तसाच मधुकररावांकडे धावलो. ते म्हणाले, आता पत्रिका छापल्या, वामनराव. हो ना? आता हसून राहिले बघा. हसा, हसा. तुम्ही हसलात की मला पुढचे वाचता येते.

तर अध्यक्षमहाराज, माझी विनंती आहे. रिवाज शाल-नारळाचा आहे. शाल आपण आणलेली नाही. ओटीतही नारळ आहे, मला दिसतो आहे, पण तो माहेरचा नारळ आहे. यमुताई आणि समोर बसलेल्या सगळ्या बायका आत्ता ताराची ओटी भरतील. ती भरल्यावर कोणीही म्हणू नये, की हिला निरोप मिळाला. आनंदराव, तुमच्यावर तेव्हा अन्याय झाला असे वाटत असेल तर पुढच्या वेळी तुम्हीही ओटी मागा.

आणि तारे, आता तुझ्याशी बोलतो. तुला खेळलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. माझ्या जिवाला विचारशील तर तू घरी बस, म्हणजे मला झोप लागेल. पण माझ्या झोपेसाठी तू खेळ सोडावा, हे बरोबर नाही. तू, अनंतराव आणि डॉक्टर मिळून ठरवा. घाई करू नको. घाईने काय होते, ते तूच आम्हाला शिकवले.

फक्त एक कर. तुझी ती पिशवी अजून गिरणीत खुंटीला आहे. रोज सकाळी मोटार चालू केली की ती हलते आणि रोज माझ्या जिवाला घोर लागतो, की आता हिचे काय करू? रिकामी करून दळणाला घेऊ, की अजून रेती भरून ठेवू? मुकुंद मास्तरांना अमरावतीला नावे पाठवायची आहेत, त्यांचाही जीव टांगणीला लागला आहे. तुझे ठरले की स्वतः आली नाहीस तरी चालेल, दळणाच्या डब्याबरोबर एक चिठ्ठी टाकून दे. मला जोडाक्षरे वाचायला वेळ लागतो, म्हणून मोठ्या अक्षरात लिही. किती रेती भरायची, तेवढेच लिही. पण लवकर कळव वं माय. माझे वय झाले आहे, मला वाट पाहायला जमत नाही.

अध्यक्षांनी मला मधेच बसवले नाही, याबद्दल त्यांचे आभार. मंडळाचे, मधुकररावांचे, मास्तरांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. अडाणी माणूस आहे, कोणाचे नाव मागेपुढे झाले असेल, कोणाला लागेल असे बोललो असेन, तर पोटात घाला.

यमुताई, या आता. तबक उचला. आणि जाता जाता कोणी गिरणीवरून जाणार असेल, तर कुलूप तेवढे ओढून बघा.